ट्रामच्या थांब्यावरची आत्या

टँपेरे, फिनलंड
१४ सप्टेंबर २०२५

ती. आत्येस,
अक्षताचा सा. न. वि. वि.

पत्र बघून तू म्हणशील, महिन्यातून एकदा लिहिणारी ही पोरगी आज मध्येच कशी उगवली. फोन करून उपयोग नाही हे दोघींनाही ठाऊक आहे. मागच्या वेळी मी इकडून घसा ताणून थंडीबद्दल सांगत होते आणि तू तिकडून मला जेवलीस का, जेवलीस का, एवढंच विचारत होतीस. तुझे कान गिरणीने ठेवून घेतले, म्हणून आपलं हे कागदावरचं बोलणं. निधीवहिनीला सांग, फोनवर पाठवलेला ह्या पत्राचा फोटो नीट मोठा करून दाखव, आणि मधल्या ओळी गाळू नकोस.

आमच्या गावात (हो, आता मी टँपेरेला आमचं गाव म्हणते, रागावू नकोस) सध्या प्रदर्शनांची नुसती धांदल आहे. शहराच्या मधून नदी धडधडत जाते आणि तिच्या दोन्ही काठांना लाल विटांच्या जुन्या कापडगिरण्या. एका खात्यात आता सिनेमा लागतो, एकात नाटकं होतात, एकात लोक कॉफी पीत बसतात. धुराडी तशीच उभी आहेत. आपल्याकडच्यासारखा सगळ्याचा मॉल करून टाकलेला नाही. मी काम करते ते कलादालनही अशाच एका गिरणीत आहे. ऑक्टोबर संपताना इथे अंधार लवकर पडायला लागतो, तेव्हा शहरभर दिव्यांची रोषणाई करतात. त्याच सुमारास आमचं मोठं प्रदर्शन उघडणार आहे. नाव ‘मूक गिरण्या’. जगभरातल्या बंद पडलेल्या गिरण्यांचे फोटो. ते निवडले आमच्या प्रमुख पेट्राबाईंनी. माझ्याकडे चौकटी, दिवे आणि पाट्या लावायचं काम, पण फोटो अजून माझ्यापर्यंत आलेले नाहीत.

काल सकाळी ट्रामच्या थांब्यावर त्याचं पोस्टर लागलं. आत्ये, पोस्टरवर तू आहेस. माझ्याहून उंच. गिरणीच्या बंद फाटकाचे गज, गजांना टेकलेली तू, तोंड सताड उघडं, डोळ्यांत पाणी, एक हात गालाशी. भुवईवरची खोक दिसली नसती तरी मी ओळखलं असतं. खाली लिहिलंय: शोक. अज्ञात गिरणी कामगार स्त्री, मुंबई.

मी थांब्यावर उभी राहून रडले. ट्राम आली, गेली, दुसरी आली. इथले लोक कोणाकडे बघत नाहीत, तेही बघायला लागले. तू त्या फाटकाशी एवढी रडलीस आणि घरात कोणाला कधी कळू दिलं नाहीस, हेच मला सहन होत नाही. मी आपली सुट्टीत चारकोपला येऊन तुझ्या हातचे घावणे खात राहिले.

सुबोधदादाला आणि वहिनीला नमस्कार. माझ्यावर आहे तो जीव असाच असू दे, आणि जमलं तर लगेच लिही.

तुझी,
अक्षता


चारकोप, कांदिवली (प.)
१६ सप्टेंबर २०२५

चि. अक्षता हिस,
आत्येचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोस्टरचा फोटोही पोचला. निधीने मोठा करून दाखवला. सुबोधच्या डोळ्यांत पाणी आलं, निधीने माझा हात धरला आणि माझ्या डोक्यात मात्र अशी तिडीक गेली की हातातला चहाचा कप मी तसाच खाली आपटला.

रडतेय कोण गो? मी?

तुला, सुबोधला, सगळ्या पोरांना मी आणि तुझ्या आतोबांनी काय शिकवलं होतं ते विसरलीस वाटतं. ते साच्यांवर कापड विणायला, मी वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायला. यंत्रं चालू झाली की कानाशी तोंड नेलं तरी शब्द ऐकू यायचा नाही. म्हणून आवाज काढायचाच नाही, तोंड मोठं करून एकेक शब्द दाखवायचा आणि हाताने खूण करायची. खात्याच्या ह्या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला कालची भांडणंसुद्धा अशीच सांगायची. सुबोधच्या लग्नात मी हॉलच्या पार पलीकडून तुला सांगितलं होतं की श्रीखंड आंबट आहे, घेऊ नकोस, आणि तू पानावर हात आडवा धरला होतास. तुझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही की तुला अक्कल कुठून आली. आणि तीच तू माझं तोंड एवढं मोठं छापलेलं बघतेस आणि तुला वाचता येत नाही?

आता ऐक. गिरणी बंद करायचं ठरलं होतं. स्वेच्छानिवृत्ती म्हणायचे, स्वेच्छा कोणाची ते विचारायचं नाही. आमच्या खात्यातल्या बायकांना टाइम ऑफिसात बसवून एकेकीची सही घेत होते. आदल्या दिवशी मी साहेबाशी तोंड वाजवलं होतं, म्हणून मला फाटकाबाहेरच अडवलं. टाइम ऑफिसची खिडकी फाटकातून समोर दिसायची. रस्त्यावर मोर्चाचा गोंगाट, ओरडून काय पोचणार? मग मी आमच्या बोलीत बोलले. सही करू नका. तो गालाशी हात आहे ना, तो डोळे पुसत नाही. बोटं नीट बघ, पेन धरल्यासारखी आहेत. लिहायची खूण करायची आणि मग हात झटकायचा, म्हणजे सही नको. झटकायच्या आधीच कुठल्याशा मेल्या फोटोवाल्याने फोटो काढला. आणि डोळ्यांतल्या पाण्याचं म्हणशील, तर कापसाच्या धुळीत वर्षं गेलेल्या कुठल्याही बाईचे डोळे बघ, बारमाही गळतात. आताही गळतायत.

तेव्हा तुझ्या पेट्राबाईंना सांग. फोटो काढू नका, आहे तेवढाच मोठा राहू दे. मला लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. पण ‘शोक’ आणि ‘अज्ञात’ हे दोन शब्द उतरवा. तिथे माझं नाव घाला, वसुधा, वाइंडिंग खाते, आणि मी काय बोलतेय ते खाली लिहा. मी मेलेल्या माणसासारखी भिंतीवर लटकणार नाही.

थंडीचे कपडे नीट घाल. लोभ आहेच, पण पाटी बदलेपर्यंत थोडा आवरून ठेवलाय.

तुझी,
आत्या


टँपेरे
२७ सप्टेंबर २०२५

ती. आत्येस,
सा. न. वि. वि.

आवरून ठेवलेला लोभ सोड गं बाई, इथे आधीच गारठा आहे.

तुझं पत्र वाचून मी परत थांब्यावर गेले. ह्या वेळी रडले नाही, नुसती तुझ्या बोटांकडे बघत उभी राहिले. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसतच नाही. आधी का दिसलं नाही? खाली ‘शोक’ लिहिलेलं मी आधी वाचलं आणि मग तुझ्या तोंडाकडे बघितलं, असंच झालं असणार. मला माझीच चीड आली.

पेट्राला सगळं सांगितलं. ती वाईट बाई नाही, हे आधी लिहिते. फोटोतली बाई माझी आत्या आहे म्हटल्यावर तिने मला मिठी मारली, आणि इथे लोक सख्ख्या भावालासुद्धा अंतर ठेवून भेटतात. नाव लगेच घालू म्हणाली. पण ‘शोक’ उतरवायला तयार नाही. तुझा फोटो लागणार त्या सबंध दालनाचं नाव तेच आहे, पुस्तक छापायला गेलंय, आणि इथून हे प्रदर्शन आणखी दोन शहरांत जाणार आहे. त्या बाईला काय म्हणायचं होतं ह्यापेक्षा बघणाऱ्याला काय वाटतं ते महत्त्वाचं, असं तिचं म्हणणं. मी विचारलं की ती बाई जिवंत आहे, तिला विचारून आपण लिहू शकतो, मग बघणाऱ्याच्या मनात का शिरायचं?

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. फोटो ‘शोक’ ह्या नावाने दाखवायला कुटुंबाची हरकत नाही, असं त्यात आहे. बाई कोण हे कळल्यावर आता तिला कोणाची तरी संमती लागते, आणि हाताशी असलेलं कुटुंब म्हणजे मी. शिवाय उद्घाटनाला मी भाषण करायचं, शोकाकुल स्त्रीची भाची म्हणून. माझी नोकरी डिसेंबरपर्यंतची आहे आणि ती पुढे वाढवायचं पेट्राच्या हातात आहे, ह्याची तिने त्याच दमात, अगदी गोड आवाजात आठवण करून दिली. नोकरी गेली तर इथे राहायचा परवानाही फार काळ टिकत नाही.

तेव्हा माझी अवस्था बघ. रोज सकाळी थांब्यावर तू मला सांगतेस, सही करू नकोस. आणि माझ्या बॅगेत तो कागद.

आत्ये, एकच विचारते. त्या दिवशी खिडकीतून त्यांनी तुझं वाचलं ना? किती जणी उठून बाहेर आल्या? तेवढं मला लिही, म्हणजे मलाही बळ येईल.

तुझ्या आशीर्वादाची वाट बघणारी,
अक्षता


चारकोप
दसरा, २ ऑक्टोबर २०२५

चि. अक्षता हिस,
आत्येचे अनेक आशीर्वाद. हे पान सोन्यासारखं मान आणि घे.

आज सकाळी दाराला तोरण बांधताना तुझी फार आठवण आली. तू पाच वर्षांची असताना तुला दसऱ्याला गिरणीत नेलं होतं, आठवतं? वर्षातून त्या एका दिवशी पोराबाळांना आत सोडायचे. यंत्रं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून उभी. मी माझ्या यंत्राला हळदकुंकू लावत होते आणि तू माझा पदर ओढून विचारलंस की आज तर सगळं बंद आहे, मग तुम्ही सगळ्या बायका आवाज न काढता का बोलताय? आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि एवढ्या हसलो की जॉबर, आमचा मुकादम, बघायला आला. सवयच गेली होती आम्हाला आवाजाची.

आता कामाचं. सुबोधने मला परवान्याचं सगळं समजावून सांगितलं. रात्रभर विचार केला आणि ठरवलं, तू सही कर. मागचं पत्र मी रागात लिहिलं. माझ्या नाकावर राग असतो हे तुझ्या बापालाही विचार. पाटीवर शोक असला काय आणि आनंद असला काय, मला इथे चारकोपात काय फरक पडतो? मी सकाळी भाजी आणते, संध्याकाळी बागेत बसते. फिनलंडात मी रडकी म्हणून लटकले तर इथल्या भाजीवालीला कळणार नाही. तू मात्र स्वतःच्या हिमतीवर तिथे गेलीस, एकटीने घर मांडलंस. एका जुन्या फोटोपायी त्याची वाट लावू नकोस. हट्ट करायचा तो मी माझ्या नोकरीवर केला, तुझ्या नोकरीवर करणार नाही.

तू जे विचारलंस त्याचं उत्तर आज नको. सणाचा दिवस आहे.

निधीच्या ऑफिसातला एकजण तिकडे येतोय, त्याच्यासोबत खाजं आणि चकल्या पाठवते. पेट्राबाईंनाही थोडं खाजं दे, दाताखाली आलं म्हणजे माणूस जरा गप्प बसतो.

सांभाळून राहा. माया होती तेवढीच आहे, सही केलीस तरी.

तुझी,
आत्या


टँपेरे
२ नोव्हेंबर २०२५

ती. आत्येस,
सा. न. वि. वि.

तुझं दसऱ्याचं पत्र तीनदा वाचलं आणि मग ठरवलं की तुझं ऐकायचं नाही. थांब्यावरची तू आणि चारकोपातली तू दोघी दोन गोष्टी सांगत होतात. मी थांब्यावरच्या आत्येचं ऐकलं. तिला माझ्या परवान्याची भीती वाटत नव्हती.

पेट्राला कागद सही न करताच परत दिला. तिला म्हटलं की माझी आत्या रडत नाहीये, आणि ती रडतेय असं लिहिलेल्या कागदावर मी नाव घालणार नाही. पाटी खरी करा, मी तिथल्या तिथे सही करते. दुसऱ्या दिवशी कळलं की फोटो जुन्याच ‘अज्ञात’ पाटीसह लागणार, माझं भाषण रद्द झालंय आणि उद्घाटनाला मला दारापाशी कोट घेण्याच्या कामावर ठेवलंय. इथे थंडीमुळे पाहुण्यांचे जाडजूड कोट बाहेरच काढून टांगावे लागतात. म्हणजे सहा वर्षं कला शिकून मी खुंट्या सांभाळत होते. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मान खाली घातली नाही. तुझी चंदेरी काठाची साडी नेसले, आतून लोकरी पायमोजे घालून, आणि एकेकाचा कोट असा घेतला की जणू मीच यजमान.

पाहुण्यांत ह्याच गिरणीत काम केलेल्या काही म्हाताऱ्या होत्या, खास बोलावलेल्या. त्यातल्या हेल्वी आजी, वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत आल्या. त्यांचा कोट घेताना मी फिनिशमध्ये दोनदा स्वागत केलं, त्यांना काही ऐकू गेलं नाही. माझ्या ओठांकडे बघून त्या हसल्या आणि म्हणाल्या की आवाज चढवू नकोस पोरी, तोंड नीट हलव, मी साच्यांवर होते. आत्ये, आतोबांसारख्याच!

त्या आत गेल्या. दालन गच्च भरलेलं, सगळे एकदम बोलत होते. मी दारातून बघत होते. हेल्वी आजी तुझ्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, कितीतरी वेळ. मग वळून थेट माझ्याकडे बघितलं, एवढ्या गर्दीच्या पलीकडून. फोटोकडे काठी केली, बोट डोळ्याखाली फिरवलं आणि मान वाकडी करून विचारलं. रडतेय का ही?

मी दोन्ही हातांतले कोट खाली टाकले. मान हलवली. नाही. मग तू शिकवलंस तसंच केलं. बोटं गालाशी, पेन धरल्यासारखी, हवेत लिहिलं आणि हात झटकला. तोंड मोठं करून त्यांच्या भाषेत म्हटलं, सही करू नका. आवाज न काढता. आजींनी डोळे बारीक केले, परत फोटोकडे बघितलं, तुझ्या बोटांकडे बघितलं आणि काठी जमिनीवर अशी आपटली की सगळे गप्प झाले. मग मोठ्याने सांगितलं की ही बाई रडत नाही, बोलतेय, आणि ती मुलगी तिकडे कोटांत उभी आहे तिला विचारा काय बोलतेय. त्यांच्या मैत्रिणींनीही फोटोजवळ जाऊन माना डोलावल्या. कुठल्याशा वर्तमानपत्राची बाई माझ्याकडे धावत आली. मी सगळं सांगितलं, तुझ्या नावासकट, खात्यासकट.

दोन दिवसांनी पेट्रा स्वतः नवी पाटी घेऊन आली. वसुधा, वाइंडिंग खाते, मुंबई. खाली फिनिशमध्ये, आणि त्याच्या खाली मी माझ्या हाताने देवनागरीत: सही करू नका. मग मात्र मी संमतीच्या कागदावर सही केली. थांब्यावरच्या पोस्टरवरही पट्टी चिकटवून ‘शोक’ झाकलाय. जरा वाकडी बसली आहे, पण बसली आहे.

माझ्या नोकरीबद्दल पेट्रा एक अक्षर बोललेली नाही. खाजं मात्र खाल्लं. डिसेंबरचं डिसेंबरमध्ये बघू. फार तर चारकोपला येईन, तुझ्याशेजारी बागेत बसेन आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची आवाज न करता उणीदुणी काढू.

आता तरी सांग. त्या दिवशी किती जणी उठल्या?

रागावली असशील तर रागाव, पण लोभ पूर्ण सोड आता.

तुझी,
अक्षता


चारकोप
५ नोव्हेंबर २०२५

चि. अक्षता हिस,
आत्येचे पोटभर आशीर्वाद.

नव्या पाटीचा फोटो निधीने छापून आणला आणि सुबोधने हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावला. माझं ऐकलं नाहीस ते फार चांगलं केलंस. नोकरी राहिली तर राहा, नाही राहिली तर ये. इथे तुला कोणी कोट धरायला लावणार नाही.

तू दोनदा विचारलंस, आता उत्तर देते. कोणी उठली नाही.

मी गजांशी उभी राहून हात वर करकरून सांगत होते. खिडकीतल्या एकीनेही मान वर केली नाही. द्रौपदी माझ्या शेजारच्या यंत्रावर होती, दोघींचा डबा एक, तिने तर खिडकीकडे पाठच फिरवली. बघितलं असतं तर वाचावं लागलं असतं, म्हणून बघितलंच नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. त्यांच्यावर माझा राग नाही, प्रत्येकीच्या घरी चूल होती. मी सही केली नाही, म्हणून सुबोध अजून चेष्टा करतो की आई, कागदोपत्री तू कामावरच आहेस. तेव्हा तुम्हाला कोणाला सांगितलं नाही ते ह्यामुळे. रडले होते म्हणून नाही. एवढं बोलले आणि कोणी वाचलं नाही, ह्याची मला शरम वाटायची. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी मी लोखंडाच्या गजांशी बोलले.

आणि आता तू लिहितेस की माझी भाषा न येणाऱ्या एका म्हातारीने ते वाचलं, आणि माझ्या भाचीने ते ऐकलं.

हेल्वीबाईंना माझा नमस्कार सांग. आवाज न काढता सांग, त्यांना कळेल.

खरं लिहायचं तर हे लिहिताना मी रडतेय, अक्षर फिसकटलंय ते त्यामुळे. निधी कागदाचा फोटो काढायला शेजारी उभी आहे आणि तिने मघाशी माझाही एक काढला. तो तुझ्याकडे आला तर ठेवून घे, वाटलं तर तिथे भिंतीवरही लाव. पण खाली ‘शोक’ लिहू देऊ नकोस.

लोभ सगळा मोकळा सोडला आहे, संपेपर्यंत वापर.

तुझी,
आत्या